कुंपणापलीकडच्या कॉरिनला

मे महिन्यात टपालानं आली ती, पंचवीस,
भोकाभोकांच्या खोक्यात.
पोस्टातल्या मुलीचा फोन: लवकर या,
सगळं ऑफिस चिवचिवतंय.
घरी येऊन मोजली. चोवीस जिती.
एक वाटेतच गेलेलं, ते सफरचंदाच्या मुळाशी पुरलं.

तू विचारतेस, हात कसा धजतो?
धजत नाही, कॉरिन.
आदल्या रात्री मला जेवण जात नाही.
रॅकूननं तीन ओढून नेली
तेव्हापासून जुलैभर मी ओसरीवर झोपले,
उशाशी बॅटरी, पायाशी कुत्रा.
रोज सकाळी खुराडं वावभर पुढं सरकवायचं,
नवं गवत, नवे किडे.
कंबर अजून दुखते.

ऑक्टोबरात फंडीच्या खाडीवरून वारा सुटतो,
दव गोठून गवत पायाखाली कुरकुरतं.
एकेकीला काखेत घेते.
अंग ऊन. एक डोळा माझ्याकडं.
मग सुरी.
मग बराच वेळ हात बादलीतच.

परवा तू सूप आणलंस, मायेनं.
त्यातलीनं कधी ऊन पाहिलं होतं का,
शेवटी तिला कुणी धरलं होतं,
तुला ठाऊक नाही. मलाही नाही.
मी प्यायले. चांगलं होतं.

पुण्य नकोय मला. फक्त
पान वाढलं की एलोडी विचारते,
आजी, ही कुठली?
आणि मला सांगता येतं:
लंगडी. पावसात सगळ्या आत पळायच्या,
ही बाहेर उभी राहायची.

घास हातात धरून ती जरा थांबते.
मग खाते,
हाड पांढरं होईस्तोवर.