खुर्ची पुसली

वेदीच्या डाव्या अंगाला ती एकच खुर्ची,
यावलच्या सागाची, पाठ उंच, बैठक वेताची.
तीन वर्षांतून एकदा कुणीतरी तिच्यावर बसायचं,
दीड तास.
बाकीचा सगळा काळ माझे वडील ती पुसत.

दिवसा ते लोको शेडमध्ये, इंजिनाच्या पोटाखाली.
शनिवारी संध्याकाळी कोपरापर्यंत साबण लावून
चर्चमध्ये. आधी पाय, मग हात, मग पाठ,
शेवटी पाठीवर कोरलेली मेंढपाळाची काठी,
तिच्या वळणात बोट घालून, ओल्या फडक्यानं.
मी एकदा बसले होते तिच्यावर, सहा वर्षांची, पाय लोंबकळत.
मारलं नाही. म्हणाले,
"ऊठ माय, ती रिकामी ठेवायची असते."
"कोणासाठी?"
"येईल त्याच्यासाठी."

शिरसाट पाळक सांगायचे, बिशप हा शब्द ग्रीकांकडून आला,
अर्थ एवढाच: देखरेख करणारा.
वडिलांना हे लगेच पटलं.
म्हणजे आपला चावीवाला, म्हणाले,
खांद्यावर हातोडा टाकून रुळारुळानं चालत येणारा,
ठोकून बघणारा, कुठे आवाज बद्द येतो.

पहिले आले ते सलूनच्या डब्यातून,
गोरे, भुसावळच्या मे महिन्यात टोमॅटोसारखे लाल.
सकाळी आठला साहेबांची उपासना,
चार वाजता आमची, पंखे बंद.
रेबेका आत्याच्या डोक्यावर दृढीकरणाचा हात ठेवला
तेव्हा तो थरथरत होता.
आत्या आयुष्यभर म्हणायची, पवित्र आत्मा.
वडील म्हणायचे, हिवताप.

मग आपले आले, पॅसेंजरनं, स्वतःची वळकटी घेऊन.
सत्तर साली सहा मंडळ्या एक झाल्या,
दारावरची पाटी बदलली, प्रार्थनेचं पुस्तक बदललं,
खुर्चीचा फक्त वेत बदलला.
तोवर मला कळलं होतं बिशपला काय काय पाहावं लागतं:
पाळकाची बदली,
दफनभूमीच्या कुंपणात घुसलेली केळीची बाग,
ऑर्गनचा भाता कुणी कुरतडला, उंदरानं की खजिनदारानं,
आणि बोलणं सोडलेले दोन भाऊ,
ज्यांना त्यांनी एकाच ताटात भरीत-भाकरी वाढायला लावली.
एक जेवला. दुसऱ्यानं हात धुतले.

निघताना ते वहीत सही करत.
आधी छोटा क्रूस, मग नाव,
आणि आडनावाच्या जागी पीठाचं गाव.
मी विचारलं, यांचं आडनाव हरवलं का?
वडील हसले: "लग्न झालं की बाई सासरचं नाव लावते.
हे गावाशी लग्न लावतात. बोटात अंगठी नाही पाहिली?"
मी पाहिली होती. जांभळा खडा होता.
पण ते गाव नाशिक होतं,
भुसावळ नव्हतं,
आणि याचं मला उगाच वाईट वाटलं होतं.

आता वह्या माझ्याकडे. रेल्वे हॉस्पिटलातून निवृत्त झाले
तेव्हा मंडळीनं कपाटाची किल्ली दिली.
वाळवी झटकता झटकता बहात्तर साल उघडलं.
दुष्काळ. बिशप गावोगावच्या खडीकेंद्रांवर फिरत होते,
आमची भेट राहून गेली.
रकाना मात्र रिकामा नाही.
पेन्सिलीनं, शेडमध्ये इंजिनाचे नंबर लिहायचे त्या अक्षरात:

✠ शांतवन, भुसावळ
खुर्ची पुसली. कोणी आलं नाही. चौतीस जण हजर.

अमोलिक आडनाव कुठेच नाही.

किती वेळ बसले वही घेऊन, माहीत नाही.
गंमत केली असेल का? त्यांना गंमत येत नसे.
की त्या दिवशी चौतीस माणसांसमोर
कुणीतरी हजर असल्याची नोंद हवी होती, एवढंच?

उद्या नवे बिशप येतायत, जळगावहून मोटारीनं.
जुन्या सह्या बघू म्हणाले तर वही द्यावीच लागेल.
खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे.
राहू दे तिथेच.
शनिवार आहे. फडकं भिजत घातलंय.