श्वास रोखा

मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं
मी एकच वाक्य बोललो:
श्वास घ्या. रोखा. सोडा.
जतचे, अथणीचे, गडहिंग्लजचे लोक
थंडगार पत्र्याला छाती टेकून उभे राहत
आणि मी भिंतीआडून बटण दाबे.

एस्तेर लहानपणी डार्करूममध्ये
लाल दिव्याखाली, हायपोच्या वासात
सतराचा पाढा म्हणायची.
आता सुट्टीला मिरजेला आली
की लॅपटॉपवर सूर्य उघडते.
"हाही एक्स-रेच, पप्पा.
फक्त इथं बटण कुणी दाबत नाही.
उजेड त्याचा स्वतःचा."

मोठा काळा भाग दिसला. मी म्हणालो, फुप्फुस.
ती हसली. "किरीटातलं विवर."
त्या काळोखात एक पांढरी शलाका उठली,
बारीक, सरळ,
पायाशी दोन फाटे.
दहा मिनिटं. मग काही नाही.
तिची लांबी पन्नास हजार किलोमीटर.
सांगलीच्या किती खेपा, मोजायला गेलो,
सोडून दिलं.

"उठते कशानं?"
"आधी वाटायचं, खालून नवं चुंबकत्व वर येतं
नि जुन्यावर आदळतं.
मी चाळीस शलाका मागं मागं जाऊन पाहिल्या.
बहुतेकींच्या खाली
उत्तर नि दक्षिण एकमेकांकडे सरकत येतात,
एकमेकांना पुसून टाकतात.
त्यांच्यावर एक पिळलेला धागा असतो,
थंड, दाबून धरलेला.
पकड ढिली पडते
नि तो सुटतो."

पीळ मला कळतो.
आमचं घर सतारमेकर गल्लीच्या पाठीमागं.
तुटलेली तार कशी अंगावर येते
ते मला नको सांगायला.

मग तिनं शलाकेच्या बुडाशी नाही,
जरा बाजूला बोट ठेवलं.
एक लखलखता ठिपका.
"धागा इथून सुटला.
पण सगळे रेघेकडेच बघतात."

हे मात्र मला ठाऊक होतं.
पेशंट हात लावतो
तिथंच दुखणं असतं असं नाही.
हिची आई चार महिने
खांद्याला बाम चोळत होती.
फिल्म मीच काढली.
ओलीच, क्लिपला लटकलेली, दिव्यासमोर धरली.
वरच्या बरगडीमागं
हरभऱ्याएवढं पांढरं.

त्या फिल्मविषयी एस्तेरनं कधी विचारलं नाही.

"परत लाव," मी म्हणालो.
काळोख. ठिपका. रेघ.
"परत."
काळोख. ठिपका.
तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.
"पप्पा," म्हणाली, "सोडा."