तिसरा हात

म्हापशात, नार्वेकरांच्या हार्डवेअरमध्ये
स्प्रेचे डबे रांगेने उभे असतात.
मी ते घेत नाही.
मऊ प्लास्टिकवर ते धड वाळतच नाहीत,
महिन्यानंतरही बोटाला चिकटतात
आंब्याच्या ओल्या साटासारखे.

एल्डनने आणलाय एक कुस्तीगीर,
शुक्रवारच्या बाजारातला, तीस रुपयांचा,
एक कान कुणीतरी चावलेला.
"ह्याचा पप्पा कर."
पप्पा जहाजावर, किचनात. नऊ महिने झाले.

आधी साबणाच्या पाण्यात बुडवला.
मग पोटावरचे स्नायू कानसीने घासले.
"पप्पाचं पोट असं नाय," त्याने बजावलं होतं.
पुट्टी लावून थोडं पुढे आणलं.

बाटलीवर लिहिलंय 'अंगाचा रंग',
आत कुणाच्याच अंगाचा नसलेला गुलाबी.
ती बाजूला ठेवून घेतला गेरू, पिवळी माती,
आणि निळा, टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच.
एल्डनने फोन शेजारी धरला.
पडद्यावर पप्पा निळसर, डोक्यावर ट्यूबलाइट.
"असो नाय तो."
मग स्वतःचं मनगट पुढे केलं,
"ह्याच्याहून थोडो काळो."

पहिला हात नेहमी फसल्यासारखा दिसतो.
दुसऱ्यात ब्रशचे ओरखडे बुजतात.
तिसऱ्यात, कधी कधी, माणूस येतो.

राहिलं वार्निश.
चकचकीत लावलं तर एप्रन मेणकापडाचा वाटेल.
मॅट लावावं, तर ह्या दमट हवेत ते पांढरं पडतं,
चेहऱ्यावर धुकं बसतं
आणि पुसू म्हटलं तर चेहराच पुसला जातो.
म्हणून सगळा जुलै, सगळा ऑगस्ट
तो वर्तमानपत्रावर उभा, तसाच.
एल्डन शाळेतून यायचा,
हात पाठीमागे बांधून बघायचा.

सप्टेंबरात एक कोरडी सकाळ मिळाली.
डबा उघडता उघडता विचारलं,
कपाटात ठेवणार ना?
"घेऊन निजणार."

मग खाली चकचकीताचे दोन हात, टिकायला,
वर मॅटचा एक.
सांगून ठेवलं: खांद्याच्या सांध्यात रंग घासला जाईल,
हात वर केलास की आतून
कुस्तीगीराचा केशरी दिसेल.

त्याने थोडा वेळ खांदा न्याहाळला.
"वर कशाला करू?
टाटा करून झालाय त्याचा."