निळी रेघ, लाल रेघ

आमच्याकडे समुद्र नाही,
म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक नाही
भिंतीला टांगायला.
आमच्याकडे नाला आहे.
अकरा महिने त्याच्याकडे नाक धरून बघायचं,
आणि एक दिवस तो उलटा चालू लागतो,
नदीनं घेतलं नाही ते सगळं परत घेऊन
व्हीनस कॉर्नरच्या सिग्नलला
न थांबता वळतो.

फ्लेक्स आल्यापासून माझे ब्रश वाळले होते.
नऊ वर्षांनी काम मिळालं महापालिकेचं:
भिंतीभिंतीवर रेघ मारायची.
निळी, पंचवीस वर्षांतून एकदा पाणी येतं तिथं.
लाल, शंभर वर्षांतून एकदा.
मी विचारलं, मॅडम, एकोणीस ते एकवीस
किती वर्षं होतात?
ओतारी मॅडम दुर्बिणीवरचा डोळा न काढता म्हणाल्या,
तुम्ही पट्टी सरळ धरा.

लक्ष्मीपुरीत जनवाडे शेठनी चहा मागवला.
अर्धा कप झाल्यावर म्हणाले,
जरा चार बोटं खाली घ्या की पेंटर.
गिऱ्हाईक बघतंय, बँक बघतीया,
आणि रेघ खाली असली म्हणून
पाणी काय जास्त येणार हाय?
मी म्हटलं, वर असली म्हणूनपण नाही येणार.
शेठ हसले नाहीत.
चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले.

कुंभार गल्लीत अनसूयाकाकींनी
आम्हालाच दार दाखवलं.
बिजागरीजवळ खिळ्यानं ओढलेला ओरखडा: नवऱ्याचा.
त्याच्यावर वीतभर दुसरा: पोराचा.
तिसरा कुणी ओढला नाही,
घरात कुणी नव्हतंच,
भिंतीनं आपल्या आपण ओल धरून ठेवली.
त्या साली चतुर्थीला महिना होता.
शाडूचे होते ते जागेवर बसून परत शाडू झाले.
प्लास्टरचे तरंगले,
रंग न लागलेले, डोळे न उघडलेले,
दसरा चौकाच्या दिशेनं
एकापाठी एक.
काकी म्हणाल्या, मोजा तुमचं.
आमचं मोजून झालंय.

मग आराखड्याची सभा.
पडद्यावर शहर निळं होत जातं,
आधी पेठा, मग स्टेशनचा रस्ता,
आणि साहेब सांगतात समुद्राकाठच्या शहरांचं,
तिथं भिंती बांधतात, तिथं दरवाजे बसवतात,
तिथं हळूहळू मागं सरकतात.
तळमजला मोकळा सोडा.
मीटर वरच्या मजल्यावर न्या.
मागच्या रांगेतून आवाज येतो,
आनि म्हशी?
कुठल्या पानावर हायत म्हशी?
साहेब पानं उलटतात. परिशिष्टात, म्हणतात.
परिशिष्ट अजून छापून यायचंय.

आम्ही आपले बंधाऱ्याचे फूट पाठ करतो
पोरं पाढे म्हणतात तसे.
एकोणचाळीसला इशारा. त्रेचाळीसला धोका.
त्याच्यापुढं आकडे असतात,
पण तोवर मोबाईलची बॅटरी गेलेली असते.

शेवटची भिंत माझी निघाली.
मला ठाऊक होतं, तरी पट्टी धरली.
निळी खिडकीच्या गजांतून गेली.
लालसाठी स्टूल घ्यावं लागलं.
मॅडम म्हणाल्या, हवं तर मुलाकडून मारून घेऊ.
मी म्हटलं, त्याला सरळ जमत नाही.

मारली. टोकाला ब्रश उचलला
आणि हात सवयीनं खाली उजव्या कोपऱ्यात गेला,
तीस वर्षं प्रत्येक बोर्डावर जातो तसा:
मुल्लाणी पेंटर, सुतारवाडा.
फोन नंबरचे चार आकडे घातले तेव्हा लक्षात आलं
मी कुठं सही करतोय ते.

मॅडमनी पहिल्यांदा दुर्बीण सोडून बघितलं.
म्हणाल्या, रेघेच्या वर लिहा.
मी टर्पेंटाइनचा बोळा घेतला,
नाव पुसलं,
आणि स्टुलावर चढून बराच वेळ
वरची भिंत बघत राहिलो.
वर कधी लिहिलंच नव्हतं.