प्रिंटर सापडत नाही

सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालू व्हायला
चहा गार होईल एवढा वेळ घेतो.
नेरुळ, सेक्टर सोळा. मीटररूमला चिकटून दहा बाय आठची खोली,
कपाटामागे उंदराचा पिंजरा, त्यात चपातीचा वाळलेला तुकडा.

मला खजिनदार केलं कारण मी रिकामा,
आणि रबाळ्याला एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो,
म्हणजे "तुम्हाला मशीनचं कळतं."
कळतं. पण ह्याला ना बेल्ट, ना ग्रीसचा निपल.
हात लावायचा कुठे?

बी विंगच्या शर्वाणीनं तीन बटणं एकदम दाबली.
"काका, बघा आता, आत कोण कोण जागं आहे."

यादी खाली सरकतच गेली.
शाईवर नजर ठेवणारा.
स्कॅनचा मदतनीस.
फोटो छापून देणारा, तो दोनदा.
नवी आवृत्ती शोधणारा,
आणि शोधणाऱ्याची नवी आवृत्ती शोधणारा आणखी एक.

पिळणकरांच्या वेळचा प्रिंटर,
काळी शाई संपली की नोटिसा जांभळ्या काढायचा.
कुरियनसाहेबांच्या मुलानं मस्कतहून आणलेला,
पिन बसेना म्हणून त्याच्यासाठी वेगळा बोर्ड मारला,
बोर्ड आहे अजून भिंतीवर.
आणि भोईरांचा,
जो पार्किंगच्या भांडणात टेबलावरून खाली आला.

तिन्ही गेले तुर्भ्याच्या भंगारात, किलोवर.
पावती फाइलला आहे, पाचशे चाळीस रुपये.
आणि त्यांची माणसं इथं
कॉम्प्युटर लागला की हजर.
थोड्या थोड्या वेळानं दाराशी जाऊन बघतात,
आला का आपला?
नाही.
बरं, येतो परत.

प्लांटमध्ये एकदा
तीन नंबरचा रिॲक्टर उचलून दहेजला नेला.
त्याचा कूलिंग पंप कुणी बंदच केला नाही.
अकरा महिने पाणी
कशालाच थंड न करता गोल फिरत राहिलं.
लॉगबुकात मात्र दर तासाला रीडिंग. प्रेशर, तापमान, सही.
पहिल्या पाळीची सही माझी.

मी म्हटलं, काढ गं ही सगळी.
"तुम्हीच काढा काका, मला क्लास आहे."
आणि वहीत पेन अडकवून गेलीसुद्धा.

काढायला गेलो तर विचारतो, खात्री आहे?
आहे.
तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं. कारण सांगाल का?
खाली चार गोल, एकात टिंब द्यायचं.
नवा प्रिंटर घेतला. नीट चालत नव्हतं.
आता गरज नाही. इतर.

व्हीआरएसच्या दिवशी
कँटीनमध्ये एक टेबल, एक पेन, दोरीनं बांधलेलं,
आणि माझ्यामागं बावन्न जण.
कारणाचा रकाना आधीच छापून आलेला.

मी "इतर"वर टिंब दिलं.
चौकटीत एका बोटानं, अक्षर शोधत शोधत,
शर्वाणीनं करून दिलेल्या मराठीत लिहिलं:
तक्रार नाही. काम चोख होतं.
कोण वाचणार आहे. पाठवा दाबलं.

पिळणकरांचा गेला, कुरियनांचा गेला.
भोईरांचा काही जाईना.
काढला, बंद करून चालू केलं, पुन्हा यादीत.
भोईर स्वतःही असेच,
तीनदा राजीनामा आणि चौथ्या मीटिंगला पहिल्या खुर्चीत.
शेवटी सुरुवातीच्या यादीतूनच नाव कापलं
तेव्हा कुठं डब्यातला पंखा खाली बसला.

मीटररूममधली गुणगुण ऐकू यायला लागली.
तिसऱ्या रांगेतला एक मीटर जरा जास्तच बोलतो,
उद्या स्क्रू बघायला हवेत.

मग नोटीस काढायला घेतली
आणि लक्षात आलं, ऑफिसात आता प्रिंटरच नाही.
कोपऱ्यावर झेरॉक्सवाला पानाला पाच रुपये घेतो.
कोरा कागद घेतला, पट्टीनं समास आखला.
टाकी धुण्यासाठी शनिवारी दहा ते एक पाणी बंद राहील.
खाली सही.
सहीखाली, न ठरवता, वेळ:
१४.००.