गरम कपाट

टाविटा आणि त्याचा मिसरूड न फुटलेला मदतनीस
यांनी आज जुनी टाकी काढली.
तांब्याची, एकशे ऐंशी लिटरची.
पोटावर एक पोचा, तो मला ठाऊक होता,
पाठीवर तीन, ते नव्हते.
बावन्न वर्षं भिंतीला पाठ लावून उभी;
दाखवणार कुणाला?

"मिसेस रदरग्लेन, हात लावून बघा," तो म्हणाला.
वीज बंद करून दोन तास झाले होते,
तरी ऊन लागली, बाहेरून.
"ही ऊब म्हणजे तुमचे पैसे.
पाण्याला कमी, कपाटाला जास्त."
खरं आहे. हिशेबात चूक नाही त्याच्या.

पण त्या कपाटात
रात्रभर पावाची कणीक फुगायची.
सात माणसांचे चौदा मोजे,
एकाला एक न जुळणारे,
सकाळी बिस्किटांसारखे कडक निघायचे.
एका ऑगस्टात कॉलमने कोकरू आणलं,
जीभ निळी, पाय काडीसारखे ताठ.
बुटांच्या खोक्यातून खालच्या फळीवर ठेवलं,
आणि देवाचं नाव घ्यायचं ते दोघांनीही घेतलं नाही.
दुपारी ते उठलं
आणि माझा बरा टॉवेल खाऊन टाकला.
मॉर्व्हेन नापास झाली तेव्हा
तिथेच दार ओढून बसली होती.
मी फटीतून ताट सरकवलं.
शब्द बोलले नाही.

ही सगळी गळती.
टाविटाच्या कागदावर तिला एक आकडा आहे.

नवं यंत्र बाहेर, खिडकीखाली, सिमेंटच्या लादीवर.
बाहेरची हवा ओढतं,
तिच्यातली ऊब पिळून पाण्याला देतं,
आणि हवा आणखी गार करून सोडून देतं.
"जुलैत? डनीडनमध्ये? या टेकडीवर?
थंडीत कसली आली ऊब?"
"असते," तो पाना पुसत हसला.
"सामोआत मामाकडे उलटं होतं.
नळाचं पाणी गार व्हायची वाट बघायची."

पहिल्या रात्री झोप आली नाही.
बाहेर कुणीतरी
म्हातारपणीच्या नवऱ्यासारखं घुरघुरत होतं.
उठून पाहिलं, तर त्याच्या वाऱ्याने
जिरॅनियम काळं पडलेलं.
सकाळी कुंडी हलवली. यंत्राला शिवी दिली.
मग आंघोळीला बसले.

आमच्याकडे पाण्याला नंबर असायचे.
पहिल्याला कढत, विसण घालून घ्यावं असं,
तिसऱ्याला कोमट,
पाचव्याला त्याचं नशीब.
कॉलम कायम सातवा. म्हणायचा,
गार पाण्याने पुरुष टिकतो.
टिकला चौसष्टपर्यंत.
आता पाणी संपत नाही,
आणि नंबर लावायला कुणी नाही.
बोटं सुरकुतेपर्यंत बसून राहिले.

बार्ली मात्र रुसली.
टाकीच्या जागी फरशीवर गोल डाग उरलाय,
त्याच्या मधोमध बसते ती
आणि माझ्याकडे बघते,
जसं काही मीच विकून खाल्लं.
तांब्याचे नव्वद डॉलर आले, हे खरं.
कणीक खिडकीत ठेवली; दगड झाली.

सप्टेंबरात बिल आलं.
निम्म्याहून कमी.
चष्मा पुसून परत वाचलं.
फ्रिजला चिकटवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं,
आणि त्याच दुपारी, का ते विचारू नका,
मांजराला बाजूला सारून कपाटात शिरले.
दार ओढून घेतलं. गुडघे वाजले.
गार. अंधार. थोडासा तांब्याचा वास.
मॉर्व्हेनला फोन लावला.

"आवाज असा काय येतोय? कुठे आहेस?"
"कपाटात."
ती बराच वेळ गप्प.
पलीकडे तिच्या ऑफिसात कुणीतरी हसलं.
"आई," मग म्हणाली,
"तेव्हा ताटात रताळं होतं, भाजलेलं.
लोणी फार घातलं होतंस."

बाहेर यंत्र सुरू झालं.
"फार नव्हतं," मी म्हटलं.