एक, तीन, पाच, सात

कॉलेजच्या स्टॉपवॉचची किल्ली साहेबांच्या खिशात,
साहेब रजेवर,
आणि मुलांच्या वह्यांत गेल्या वर्षीची उत्तरं
स्वच्छ अक्षरात उतरवलेली.
बाबा, दत्तोबा पासलकर, प्रयोगशाळा परिचर,
भिंगं पुसून पुसून ज्यांच्या अंगठ्याची रेघ गेली होती,
त्या संध्याकाळी चपला न काढताच म्हणाले,
"त्याच्याकडं तर घड्याळच नव्हतं."

त्याच्याकडं म्हणजे गॅलिलिओकडं.
आमच्यात त्याचं नाव
वरच्या मजल्यावरच्या थकबाकीदार भाडेकरूसारखं निघायचं:
बाप तंतुवाद्य वाजवायचा,
पोराला डॉक्टर करायचं होतं,
पोरगं गणितात वाया गेलं.

जुन्या बाकाची सहा फुटी फळी.
मधोमध पन्हळ, पॉलिशपेपर मारून, मेण घासून.
रविवारी जुन्या बाजारातून पारखून आणलेली
बेअरिंगची एक गोळी,
दोन रुपये म्हणाला, दीडला दिली.
एका टोकाखाली दोन विटा.
आणि पन्हळीवर आडव्या बांधायला
शेजारच्या गुरवमास्तरांच्या तंबोऱ्याच्या उतरलेल्या तारा.
(तोही म्हणे असंच काहीसं करायचा.
म्हणे. बाबा हा शब्द कधी गाळत नसत.)

गोळी सोडली.
टक्. टक्. टक् टक् टक्टक्
तारा सारख्या अंतरावर, गोळीला मात्र घाई.
तांबट आळीत दिवसाचं शेवटचं पातेलं उरकताना
हातोडी अशीच धावते.
"दुगुनीत गेली," मास्तर म्हणाले. "सरकवा."

सरकवा. पुन्हा सोडा. सरकवा.
अकरा रात्री.
आई फळी ओलांडून ताटं वाढायची.
या संशोधनात तिची एकच भर:
विटा आणायच्या तर धुऊन आणाव्यात.

बाराव्या रात्री मास्तर मांडीवर ठेका धरून बसले,
डोळे मिटलेले, पानाचा तोबरा एका गालात,
आणि गोळी त्यांच्या बोटांबरोबर उतरत आली.
टक्.
टक्.
टक्.
टक्.
कुणीच काही बोललं नाही.
मग त्यांनी उठून खिडकीबाहेर पिंक टाकली. "आली लय."

मोजायची पट्टी माझ्या दप्तरातली.
चार इंच. बारा. वीस. अठ्ठावीस.
"चारानं भाग," बाबा म्हणाले, आणि मी भागलं,
एक, तीन, पाच, सात,
आणि मला वाटलं आता हे ओरडतील.
ते तांब्याभर पाणी प्यायले.
रात्रभर पत्ता हुडकणाऱ्यानं
दारावरची पाटी वाचावी
तसं, हळू, म्हणाले, "हेच घर."

पुढचं ते पटकन सांगायचे:
पृथ्वी फिरते म्हणाला, म्हातारपणी गुडघ्यांवर बसवला,
घरातच कोंडला, डोळे गेले.
मठातल्या त्याच्या लेकीचं तर सांगितलंच नाही.
ती बापाआधी गेली,
हे मी नंतर वाचलं, एकटीनं.

आता बाबांना काचबिंदू.
जन्म काच पुसण्यात गेला,
शेवटी बिंदूही काचेचाच निघाला, असं स्वतःच म्हणतात,
आणि कुणी हसलं नाही तर पुन्हा म्हणतात.
मास्तर नाहीत. आळीत हातोड्या कमी झाल्या.
फळी माझ्या कोथरूडच्या बाल्कनीत,
तिच्यावर पापड वाळतात.

काल पापड काढले, विटा लावल्या, गोळी सोडली.
बाबा कान तिरका करून.
"तिसरी तार सरकलीय. जवभर."
मी पट्टी लावली.
तार जागच्या जागी होती, सोळा इंचांवर,
नाही, चुकले, ती दुसरी; तिसरी छत्तिसावर. बरोब्बर.
"नाही सरकली, बाबा."
"मग फळीला विचार."

मी खाली वाकले, डोळा लाकडाला टेकवला.
इतक्या वर्षांत फळी मध्ये झोलली होती,
केसभर.

तिसरी वीट शोधायला खाली उतरले,
बांधकामावरच्या रखवालदाराकडं एक मागितली.
कशाला, म्हणाला.
काय सांगणार.
धुऊन आणली.